गठडीचं नाक

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,
आजीचे अनेक आशीर्वाद. सांगते मी आणि लिहिते खालची शिंपीणबाई, तेव्हा अक्षर तिचं आणि रागावणं माझं.

तू नोकरीसाठी परगावी गेलीस आणि ही चपट्या नाकाची गठडी माझ्या गळ्यात घातलीस. तुझे आजोबा घोरायचे, तुझा बाप घोरतो, तूही काही कमी नाहीस. म्हणून कुत्रीनंही घरचं वळण उचललं, असं म्हणत आपण हसायचो. काल जिना चढताना ती मधेच आडवी झाली, जीभ जांभळी पडली. मी ओला पदर तिच्या पोटावर धरला, शिंपीणबाईनं गाडी बोलावली.

जनावरांची डॉक्टरीण म्हणाली, हे घोरणं नव्हे, गुदमरणं आहे. लोकांना बाहुलीसारखं तोंड आवडतं, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चपटीला चपटा बघून जुळवला. तोंड आखडलं, पण आतलं टाळूचं मांस होतं तेवढंच राहिलं. नाकपुड्यांच्या तर नुसत्या चिरा. ऑपरेशन करायला हवं. आणि पिल्लं नकोत. तिला झेपायची नाहीत, शिवाय तीही अशीच धापा टाकत जगतील. तू मैत्रिणीला पिल्लू कबूल करून बसली आहेस. कुत्री तुझी, म्हणून विचारते.

लोभ आहे तेवढा पुरे, उत्तराला उशीर नको.
तुझी आजी

ता. ९ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.
पत्र ऑफिसात वाचलं आणि तोंड लपवायला फायलींच्या खोलीत जाऊन बसले. मैत्रिणीला कळवलं. ती रुसली आहे. तिनं टोपली आणून ठेवली होती. मला तरी पिल्लू कशाला हवं होतं? गठडी गेल्यावर तिच्यासारखं कुणीतरी उरावं म्हणून. पण तिच्यासारखं म्हणजे तिच्यासारखाच श्वास.

ऑपरेशन करून घे. भुलीतून ती उठेल ना, याचीच धास्ती वाटते. रजा मिळत नाही. तू तिच्याजवळ थांब, आणि बोलत राहा. ते तुला सांगायला नकोच.

तुझा राग आणि लोभ, दोन्ही असू दे.
तुझी ठमा

ता. २३ फेब्रुवारी

चि. ठमाबाईस,
आशीर्वाद. आधी मुद्द्याचं: गठडी उठली. सहीच्या जागी मी अंगठा उठवला आणि तिच्या कानाशी तुझ्या सगळ्या खोड्या सांगत बसले. निम्म्यातच तिनं डोळे उघडले. बाकीच्या शिल्लक आहेत.

डॉक्टरीण म्हणाली, श्वास पुष्कळ मोकळा झाला, पण पुरता कधीच व्हायचा नाही. उन्हात न्यायचं नाही, वजन वाढू द्यायचं नाही. तुझ्या मैत्रिणीला सांग, दवाखान्यात एक लांब नाकाचं पिल्लू घराची वाट बघतंय. जात कुठलीच नाही, रूप यथातथा. पण झोपलं की जिवंत आहे का, हे हात लावून बघावं लागतं. टोपली वाया जायची नाही.

आज सकाळी गठडी अंगणात मांजरामागे धावली. जन्मात पहिल्यांदा. मांजर कुंपणाशी थांबून वळून बघू लागलं, तशी हीही थांबली. पुढं काय करायचं असतं, ते तिला माहीतच नव्हतं. दोघं जरा वेळ एकमेकांकडे बघत उभी राहिली, मग आपापल्या घरी गेली.

माया राहू दे, आणि रजा मिळव.
तुझी आजी