मुद्दाम चुकलेली गोलकीपर

धाकट्या, आईचा आशीर्वाद घे आणि हे सुनेलाही वाचून दाखव.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण इथे त्याचं ऐकायला कोणी नाही. तुझी बीपीची गोळी चालू आहे ना?

तुझ्या लेकीच्या दवाखान्यात मी रोज जाऊन बसते. डोक्याला मार लागलेल्या खेळाडू पोरांची स्मरणशक्ती ती तपासते. मोसमाआधीही एकदा तपासून ठेवते, म्हणजे मार लागल्यावर फरक कळतो. पोरं बेरकी. आधीच मुद्दाम चुकतात, म्हणजे नंतर फरक दिसायलाच नको.

परवा डोक्यात चेंडू बसलेली एक गोलकीपर अशीच पकडली गेली. तुझी लेक तिला म्हणाली, "मोसमाआधी दाखवलंस तितकी मठ्ठ खरंच असतीस तर आपला गोल कुठला तेही कळलं नसतं तुला." आणि अंतिम सामन्याला घरी बसवलं. तिचा बाप नि कोच येऊन ओरडून गेले. त्यांचा क्लब आता तुझ्या लेकीला काम देणार नाही म्हणे. तिथे ही शांत होती, घरी येऊन जेवली मात्र नाही.

तू फोनवर "जरा जुळवून घे" म्हणशील, सवयच आहे तुझी. या वेळी नको. त्या पोरीला अजून खिडकीचा उजेड सोसत नाही, मी पाहिलंय. लेकीला "बरोबर केलंस" म्हण आणि फोन ठेव.

तुझी आई