पडवीतला दिवा आणि छोटा कॉम्प्युटर

आई,

बाबांची होडी समुद्रात कुठे आहे ते टीव्हीवर दाखवणारा छोटा कॉम्प्युटर चालू झालाय. त्याचं मेमरी कार्ड बिघडलं होतं, लॅपटॉपला लावून दुरुस्त केलं. बाबा समुद्रावरून घरी आले की तू पडवीतला दिवा मालवतेस, आणि त्याच हाताने याचाही प्लग ओढतेस. मग कार्डावर लिहिणं अर्धवट राहून सगळं विस्कटतं. यापुढे आधी लाल बटण दाब, हिरवी लाईट विझली की प्लग काढ.

मुंबईच्या नोकरीचं सांगितल्यापासून तू माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून निघताना उठवलं नाही. पण बाबा घरातच घोरतायत, तरी पडवीतला दिवा तू लावून ठेवलायस.

गणपतीला येईन, तेव्हा मालव.

निहार