पूर्वेच्या भिंतीचा शेरा

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, नगरपालिकेचा निवृत्त इमारत निरीक्षक, हे मृत्युपत्र राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही.

१. राहते घर मुलीला द्यावे. मुलाला का नाही, ते कलम चारमध्ये येईल.

२. ओळंबा, हातोडी आणि काचपट्ट्यांचा डबाही मुलीलाच. तीही माझ्यासारखीच इमारती तपासते. भिंतीला भेग दिसली की आम्ही तिच्यावर आडवी काच चिकटवून तारीख टाकतो. काच तडकली तर भेग वाढते आहे, म्हणजे आमच्या बोलीत 'जिवंत'. वर्षभर अखंड राहिली तर भेग 'मेली', म्हणजे काळजी नको.

३. दारामागची छत्री शेजाऱ्यांना परत द्यावी. अकरा वर्षे ते मला छत्रीचोर म्हणतात, आणि त्यांचे बरोबर आहे.

४. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात पुलाजवळच्या जुन्या दगडी इमारतीच्या पाहणीवहीत मी शेरा लिहिला: "पूर्वेची भिंत, मेली." 'भेग' हा शब्द लिहायचा आळस केला. साहेब नवे होते. त्यांनी वाचले की भिंतच गेली, आणि इमारत धोकादायक ठरवली. मी शेरा दुरुस्त करायला गेलो तर म्हणाले, "अक्षर तुमचंच ना? मग आता कशाला शब्दाचा कीस पाडताय?"

मी वर अर्ज करणार होतो. पण त्याच संध्याकाळी मुलगा हसत घरी आला. त्याच इमारतीच्या पाडकामाचा ठेका त्याला मिळाला होता, आयुष्यातला पहिला. मी त्याला खरे काय ते सांगितले. त्याने ताट बाजूला सारले. "बाबा, आता तोंड उघडलंत तर मी तुमचा मुलगा नाही." मी तोंडाला कुलूप लावले.

भाडेकरू कोर्टात गेले, म्हणून इमारत तीन वर्षे टिकली. शेजारी उड्डाणपुलाचे खांब ठोकताना नव्या सोसायटीला तडे गेले, ही भिंत हलली नाही. तरी एकेक बिऱ्हाड कंटाळून गेले. उरल्या त्या वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई. गेल्या महिन्यात मी कठडा धरून वर चढलो, जुन्या भेगेवर नवी काच लावली. बाईंनी पाणी दिले आणि विचारले, "तुम्हीच ना ते, आमचं घर मेलं म्हणून लिहिणारे?" मला फार शरम वाटली.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. पण पाडकामावरची कोर्टाची मनाई सोमवारी संपते आणि तोवर मी मरेनच याची खात्री नाही. म्हणून कलम चारची सहीनिशी प्रत मी आजच बाईंच्या हाती दिली आहे. उद्या त्यांच्यासोबत कोर्टात मीही उभा राहीन. मुलाचा ठेका जाईल, हे मला ठाऊक आहे.

६. मुलाला डब्यातली एक कोरी काच द्यावी. त्याने बोलणे टाकले तरी माझ्या बाजूने आमचे नाते जिवंत आहे. हा शब्द त्याने निरीक्षकाच्या बोलीत वाचू नये.

स्थळ: राहते घर, मागची खोली.
दिनांक: काच लावल्यापासून अठ्ठाविसावा दिवस. सकाळी पाहून आलो, अखंड आहे.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: १. दवाखान्याचे डॉक्टर (सही)
२. वरच्या मजल्यावरच्या बाई (सही)