बंद कोठाराची वाट आणि माझे बदलापूरचे घर

मी, सुदाम तुकाराम साळवे, वय सदुसष्ट, निवृत्त पाइपफिटर, राहणार निरंजना सोसायटी, दुसरा मजला, बदलापूर गाव, हे माझे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय तोंडी सांगून लिहवून घेत आहे. मला झटका येऊन गेला आहे. उजवा हात अजून नीट चालत नाही आणि बोलताना एखादा शब्द अडतो. डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रात एवढी हकीकत घालायची नसते. पण ती नसेल तर उद्या माझा भाऊ कोर्टात सांगेल की दोन परक्या माणसांनी म्हाताऱ्याला भुलवले. म्हणून ती राहू द्यावी, असा माझा आग्रह आहे.

१. माझी पत्नी सुंदरा हयात नाही. माझा एकुलता एक मुलगा प्रज्वल दोन-अडीच वर्षांपूर्वी कामावरून मोटारसायकलवर घरी येत असताना डंपरखाली गेला. मला दुसरे अपत्य नाही. धाकटा भाऊ शरदचंद्र याच इमारतीत माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. माझ्या घरात त्याला मी कोणताही हिस्सा देत नाही. कारण कलम तीनमध्ये आहे.

२. प्रज्वलला कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायची आवड होती. त्यात तिघांची टोळी एका ओसाड शहरात उतरते. सापडेल ते पिशवीत भरायचे आणि जिवंत बाहेर पडायचे. बाहेर पडलात तर सगळे तुमचे. आत मेलात किंवा मधेच उठलात, तर सोबत नेलेले आणि सापडलेले सगळे गेले. त्या शहरात एक बर्फाचा कारखाना आहे आणि त्याच्या खाली लोखंडी दाराचे कोठार. सगळ्यात भारी माल तिथे. त्याची चावी क्वचित कोणाला मिळते आणि ज्याला मिळते त्याला दारातच गोळ्या घालायला लोक टपून बसलेले असतात.

"बाबा, चावीशिवाय आत जायची वाट असणारच," प्रज्वल जेवताना म्हणायचा.

"बर्फाचा कारखाना आहे ना? मग पाणी कुठून येते, कुठे जाते, ते बघ," मी टीव्हीवरची नजर न काढता सांगायचो. मला त्यात रस नव्हता.

तो गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी त्याचा चांगला फोटो हवा होता, म्हणून मी त्याचा कॉम्प्युटर चालू केला. खेळ आपोआप उघडला. कोपऱ्यात संजू नावाने अक्षरे उमटली: "प्रज्वल, आहेस कुठे इतके दिवस? ये ना."

माझ्या मेलेल्या मुलाला कोणीतरी हाक मारत होते. तो गेला, एवढेच मला लिहायचे होते. बराच वेळ मी अक्षरे शोधत बसलो आणि माझ्या बोटांनी लिहिले, "आलो."

त्या दिवसापासून मी खेळत राहिलो. सुरुवातीला भिंतींवर आपटायचो, आपल्याच माणसांवर गोळ्या झाडायचो. टोळीतला तिसरा, कमलेश, हेडफोनमधून ओरडायचा, "भाई, हाथ को क्या हो गया तेरे? आधी तर बरा खेळायचास!" मी कधी तोंड उघडले नाही. दोन शब्द टाइप करायचो. माझा माइक बिघडला आहे, असे ते धरून चालले होते. संजू मला धीराने शिकवायची. दर रविवारी दुपारी आम्ही कोठाराची वाट शोधायचो. टाकीवरून छतावर उड्या मारून पाहिल्या, धुराड्यातून उतरून पाहिले, चावीवाल्यांच्या मागोमाग घुसायला गेलो आणि मेलो. प्रज्वलची इच्छा पुरी करायची, एवढेच माझ्या मनात होते.

३. यंदा मार्चमधल्या एका रविवारी खेळातल्या शहरात पाऊस धो धो कोसळत होता. कारखान्याच्या मागच्या सगळ्या मोठाल्या नळ्या वाहत होत्या. एकच कोरडी ठणठणीत होती. मोरिवलीच्या कारखान्यात आयुष्यभर मी नळ्याच बसवल्या. वरून पाणी येऊन खाली येत नसेल, तर वर कोणीतरी व्हॉल्व बंद केलेला असतो आणि नळी आतून मोकळी असते. मी लिहिले, "इथून." आम्ही तिघे सरपटत निघालो. शेवटी एक जाळी होती. ती लाथेने उघडली.

आम्ही कोठारात उभे होतो. लोखंडी दार समोर आतून दिसत होते.

"संजू, आपण आत आलो! प्रज्वल, तू शेर आहेस, शेर!" कमलेश किंचाळला.

तेवढ्यात माझा हात माउसवरून घसरला. वाटले, माउस बिघडला. उचलायला गेलो तर हातच उचलेना. डाव्या हाताने काहीतरी टाइप केले, त्याला अर्थ नव्हता. मी खुर्चीसकट कोसळलो, कीबोर्ड माझ्याखाली आला आणि बोलायचे बटण दाबलेलेच राहिले. माझे कण्हणे त्या दोघांना ऐकू गेले.

पुढचे मला त्यांनी नंतर सांगितले. कमलेश म्हणाला, "ये तो किसी बुजुर्ग की आवाज है." संजूला वाटले, प्रज्वल बाहेर गेला आहे आणि त्याच्या वडिलांना काहीतरी झाले आहे. त्या कोठारातले काहीही न उचलता दोघे खेळ सोडून उठले. कमलेशचे उल्हासनगरला फर्निचरचे दुकान आहे. प्रज्वलची खुर्ची त्यानेच पाठवली होती, म्हणून पत्ता त्याच्याकडे होता. अंबरनाथ पश्चिमेहून संजूला स्कूटरवर घेऊन तो इथे पोहोचला.

दाराला आतून कडी होती. आवाज ऐकून शरदचंद्र खाली आला.

"दुपारचा झोपतो तो. तुम्ही कोण?"

"काका, आत कोणीतरी कण्हतंय. आम्ही खेळताना हेडफोनवर ऐकलंय, अंबरनाथहून आलोय," संजू म्हणाली.

"अंबरनाथला बसून ऐकलंत? ओळख ना पाळख. दाराला हात लावलात तर पोलिसांत देईन."

एवढे बोलून तो वर गेला आणि त्याने दार लावून घेतले. समोरच्या बनूबाई या बोलण्याला साक्षी आहेत. त्याने माझ्या दारावर एक थाप मारून पाहिली असती, तरी मी आज हे कलम लिहिले नसते.

माझ्या न्हाणीघराची खिडकी जिन्याकडे आहे. संजूने तिच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून सरकवून काढल्या. बनूबाईंनी स्टूल धरले. कोपरे सोलून घेत ती आत उतरली.

मी पाहिले तर एक अनोळखी बाई माझ्या तोंडावर वाकलेली. आवाज मात्र रोजच्या ओळखीचा. मला वाटले, मी मेलो.

तिने दार उघडून कमलेशला आत घेतले. "काका, घाबरू नका. प्रज्वल कुठे गेलाय? त्याचा फोन नंबर कुठे आहे?"

मला शब्द फुटत नव्हता. ती पुन्हा पुन्हा विचारत होती, प्रज्वल कुठे आहे, प्रज्वलला बोलावू या. शेवटी मी डावा हात उचलला आणि भिंतीकडे दाखवले. तिथे बुद्धाच्या मूर्तीशेजारी प्रज्वलचा फोटो आहे. खाली दोन तारखा आहेत.

कमलेशने त्या वाचल्या. तो मटकन खाली बसला. "दो साल?" तो म्हणाला. "दो साल से... तर मग आम्ही कोणाबरोबर होतो?" संजूचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पण ती हलली. तिने कमलेशच्या दंडाला धरून उठवले. दोघांनी मला चादरीत घालून खाली नेले, रिक्षात घातले आणि इस्पितळ गाठले. वेळेवर आणले म्हणून वाचलो, असे डॉक्टर म्हणाले.

४. माझे राहते घर मी संजूला, म्हणजे संजीवनी मोहन साळवी, राहणार अंबरनाथ पश्चिम, हिला देत आहे. ती आईबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. तिने नको म्हटले. "काका, लोक काय म्हणतील?" मी म्हटले, लोक जिन्यात उभे होते, आत तू आलीस.

प्रज्वलचा कॉम्प्युटर, खुर्ची आणि खेळातले खाते कमलेश रोहरा याला. तो बरेच दिवस मला भेटायला आला नाही. मेलेल्या मित्राशी आपण थट्टामस्करी करत राहिलो, हे त्याला सहन होत नव्हते. मग एक दिवस आला, खुर्चीचा मोडलेला हात बदलला आणि गेला. आता दर रविवारी येतो. खात्याचे नाव बदलायचे की नाही, ते त्याने ठरवावे.

माझे फिटिंगचे पाने, थ्रेडिंगची हत्यारे आणि पाइप-व्हाइस मोरिवलीतल्या ज्या सोबत्याला हवे असेल त्याने न्यावे. गंजू देऊ नये.

शरदचंद्राला माझ्या अंत्यविधीला येण्याची मोकळीक आहे.

५. माझा विधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावा. संजीवनी आणि कमलेश यांना घरच्या माणसांत उभे करावे.

६. हे शेवटचे कलम वकीलसाहेब काढा म्हणत होते. इस्पितळात एका संध्याकाळी मी संजीवनीला अडखळत विचारले, प्रज्वल शेवटचा खेळला तेव्हा काय झाले होते? ती म्हणाली, "आम्ही त्याच्यावर चिडलो होतो, काका. पिशवी भरली होती, बाहेर पडायची जागा अगदी समोर होती, आणि तो मधेच उठला. सगळं गेलं त्याचं. म्हणाला, बाबा जेवायला थांबलेत."

हे मला माहीत नव्हते. मी तेव्हा फक्त एकदा हाक मारली असेल, नेहमीसारखी. त्या दिवशी आम्ही काय जेवलो, हे मी तेव्हापासून आठवून पाहतो आहे. आठवत नाही.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. उजवा हात चालत नसल्याने सही डाव्या हाताने केली आहे. ती वाकडी आहे, पण माझीच आहे.

सही: सुदाम तुकाराम साळवे

आमच्या देखत सही केली:
१. बनूबाई काशिनाथ भोईर, शेजारी
२. डॉ. स्वप्नाली विलास देवरे, उपचार करणाऱ्या डॉक्टर

ठिकाण: बदलापूर
दिनांक: १७ ऑगस्ट २०२५