माती टाकली तो दिवस

प्रिय व्हर्लीनताई,

चौसष्टच्या नव्या कायद्याने गावचा पोहण्याचा तलाव आपल्या काळ्या लोकांनाही खुला झाला, तेव्हा आईने आपल्या दोघींना पोहायचे पिवळे कपडे शिवले होते. आपण तिथे पोचलो, तर गोऱ्यांच्या नगरपालिकेचे ट्रक तलाव बुजवायला त्यात माती ओतत होते.

"आपल्याबरोबर भिजण्यापेक्षा कोरडे मेलेले बरे यांना!" तू ओरडलीस.

आई म्हणाली, "चला पोरींनो, ऊन वाढतंय."

त्याच वर्षी तू मिसिसिपी सोडून शिकागोला गेलीस. नंतर आलीस ती आईला पुरायला, आणि संध्याकाळी परतलीससुद्धा.

तू गेल्याचं काल तुझ्या मुलीने फोनवर सांगितलं. मी तुला कधीच 'राहा' म्हणाले नाही. तू राहिली नसतीसच. पण इथे कुणाला तरी तू हवी आहेस, एवढं तुझ्या कानी पडलं असतं.

तुझी धाकटी,
ओडेसा