सव्वीसपैकी सात भाग

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, वजन-मापे खात्यातील निवृत्त निरीक्षक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मला उजव्या कानाने कमी ऐकू येते. बाकी डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सर्वांची पूर्ण नावे व पत्ते वकिलांनी वेगळ्या पानावर टंकलिखित केले आहेत. इथे मी प्रत्येकाला घरात ओळखतो तसेच लिहीन.

मला एकच मुलगा. घरदार कायद्याने त्यालाच गेले असते, त्यासाठी कागदाची गरज नव्हती. मी चार वर्षांपूर्वी त्याच्यावर एक आरोप केला होता. तो खोटा होता. तो लेखी आणि साक्षीदारांसमोर मागे घ्यायचा आहे, म्हणून हा कागद.

कलम १. दुसऱ्या मजल्यावरील तीन खोल्यांचे राहते घर, सामानासह, मुलाला द्यावे. कोणतीही अट नाही. स्वयंपाकघरातील नळ डावीकडे अर्धाच फिरवावा, पूर्ण फिरवल्यास गळतो.

कलम २. पितळी वजनांची पेटी सुनेला द्यावी. पाच ग्रॅमपासून दोन किलोपर्यंतची सर्व वजने त्यात आहेत व ती अचूक आहेत. ती केक तोलून-मापून करते. चमच्याने आणि अंदाजाने काम करणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, हे तिला माहीत आहे.

कलम ३. लोखंडी शिडी तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे आहे. त्यांनी ती दोन दिवसांसाठी नेली, त्याला तीन वर्षे झाली. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार असल्याने हे कलम त्यांच्या वाचनात येईलच.

कलम ४. बँकेतील ठेव नातीच्या शिक्षणासाठी ठेवावी. तपशील पासबुकात.

कलम ५. आता मूळ गोष्ट.

माझी पत्नी डबिंग कलाकार होती. परदेशी मालिकांतल्या बायकांना ती आपल्या भाषेत आवाज देत असे. मी मुळात कमी बोलणारा. ती पाहुण्यांना सांगायची, "आमच्या घरात दोघांचं बोलणं मी एकटीच करते. हे तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात." घरी तिचा आवाज कधी टेप केला नाही. मी एकदा विचारले होते तर म्हणाली, "फुकट? स्टुडिओत मिनिटावर पैसे देतात." तिचे फोनवरचे निरोप फोन बिघडल्यावर गेले. तिच्या पश्चात तिचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता. बंदरात मोठी जहाजे आत आणणाऱ्या एका बाईची परदेशी मालिका होती, भाग सव्वीस. त्या बाईचा आवाज माझ्या पत्नीचा होता.

विसाव्या भागापासून ती आजारी होती. तिच्यासोबत पंचवीस वर्षे काम केलेल्या ध्वनिमुद्रकाने मला नंतर सांगितले, "वहिनी एक वाक्य करायच्या, खुर्चीत बसायच्या, मग पुढचं. नटीचा श्वास कुठे आहे ते बघून आपला श्वास तिथे लावायचा असतो. त्यांचा श्वासच पुरेना. मी तो कापला नाही. कापला असता तर वाक्यच उरलं नसतं." शेवटचा भाग पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांनी ती गेली.

ही मालिका एका ॲपवर होती. मी वर्गणी भरत होतो, पण ती गेल्यावर दहा महिने मालिका लावली नाही. धीर झाला नाही. ती तिथे आहे एवढे पुरत होते. अकराव्या महिन्यात मी सहज नाव शोधले तर पडद्यावर आले, 'हे शीर्षक सध्या उपलब्ध नाही.' मी दुसऱ्या ॲपची वर्गणी भरली. तिथे मालिका होती, पण फक्त मूळ परदेशी भाषेत. तिसऱ्यावर पहिले चार भाग होते, तेही 'तुमच्या प्रदेशात दाखवता येत नाहीत' म्हणून. चौथ्यावर नाव होते आणि आत काही नव्हते. मी वहीत रकाने पाडून याची नोंद ठेवली होती. ती वही रद्दीत द्यावी.

दोन महिन्यांनी पहिल्या ॲपवर मालिका परत आली. मी पहिला भाग लावला, पहिल्याच वाक्याला बंद केला. आवाज दुसऱ्याच कोणा मुलीचा होता. मदत केंद्राला फोन केला.

"सर, नवीन डबिंग आहे. आधीपेक्षा खूप क्लिअर आहे."

"मला जुने हवे आहे."

"जुन्यात काही प्रॉब्लेम होता का सर?"

"नाही. जुन्यात माझी बायको होती."

पलीकडे ती मुलगी काहीतरी टाइप करू लागली. मग म्हणाली, "सर, मी तुमची तक्रार नोंदवते." नोंदवली असेल. उत्तर आले नाही. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

ध्वनिमुद्रकांना विचारले. ते म्हणाले, "आमच्याकडे काही राहत नाही हो. मूळ सगळं कंपनी घेऊन जाते, आणि ती कंपनी आता तिसऱ्याने विकत घेतली."

मी एकतीस वर्षे खोटी वजने जप्त केली. वजनाच्या तळाशी शिसे कोरून काढणारे, काट्याखाली चुंबक लावणारे, सगळे माझ्यासमोर हात जोडायचे. मी एकालाही सोडले नाही. त्यानंतर सदुसष्टाव्या वर्षी मी पूर्वीच्या केबलवाल्याकडे गेलो आणि म्हणालो, मला चोरून सिनेमे उतरवायला शिकवा.

तो हसला नाही. "साहेब, तुम्ही? एकदा तुम्ही माझ्या मेव्हण्याचा काटा सील केला होता."

"काटा खोटा होता."

"होताच. बसा." त्याने शिकवले. मी त्याला सांगितले की हे कायद्याने गैर आहे हे मला माहीत आहे. तो म्हणाला, "साहेब, दुकानात माल असता तर गिऱ्हाईक मागच्या दाराने कशाला येईल?" हे समर्थन म्हणून लिहीत नाही. मी जे केले ती चोरी होती आणि मी ती जाणून केली.

तीन आठवड्यांत कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांच्या संगणकांवरून पहिले एकोणीस भाग उतरले. उरलेले सात केबलवाल्याने मिळवून पेनड्राइव्हवर दिले. ते मी कपाटात ठेवले. प्रत्येक फाईलमध्ये चित्र एक आणि आवाज दोन होते. आधी मूळ परदेशी नटीचा, मागे माझ्या पत्नीचा.

कलम ६. मुलगा त्या ॲपच्याच कंपनीत नोकरीला आहे. चार वर्षांपूर्वी एका शनिवारी तो आला आणि संगणकावर त्याला हे सगळे दिसले.

"बाबा, हे काय? माझ्या ऑफिसात कळलं तर मला दारातून आत घेणार नाहीत. पुसून टाका."

"तुझ्या ऑफिसाने तुझ्या आईला पुसले, तेव्हा तू कुठे होतास?"

"मी तिथे बिलिंगला आहे बाबा! कुठली मालिका ठेवायची ते मला विचारून ठरवतात का?"

मग मी दूध आणायला खाली गेलो. तो अर्धा तास संगणकापाशी एकटा होता. नंतर तो म्हणाला की प्रिंटर दुरुस्त करत होतो. प्रिंटर त्यानंतर खरोखरच चालत होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिला जाऊन सव्वा वर्ष झाले होते, मी पहिल्यांदा धीर करून भाग लावला. परदेशी नटी तिच्याच भाषेत बोलत होती. दुसरा आवाज फाईलमध्ये नव्हताच. एकोणीसही भागांत नव्हता. कपाटातल्या पेनड्राइव्हवरचे सात मात्र जसेच्या तसे होते. जे मुलाच्या हाती लागले नाही तेवढेच वाचले, असा मी अर्थ लावला. पुन्हा उतरवायला गेलो तर भाग मिळायची ती वेबसाइटच बंद पडली होती. केबलवाला म्हणाला, "ते दुकान उठलं साहेब."

मी मुलाला फोनवर म्हणालो, "नोकरीसाठी तू आईचा आवाज मारलास." तो म्हणाला, "मी हात लावला नाही." मी म्हणालो, "पकडलेला प्रत्येक दुकानदार हेच म्हणतो." त्यानंतर आम्ही बोललो नाही.

सून वर्षातून दोनदा नातीला घेऊन येते. तो खाली गाडीत बसतो. गेल्या खेपेस सून म्हणाली, "बाबा, खिडकीतून एक हाक मारा. धावत येईल तो."

"त्याला वर यायला कोणी अडवले आहे?"

"तुम्ही! आणि तोही तसाच. बापाचाच वाण."

मी हाक मारली नाही. नात खिडकीत उभी राहून त्याला हात करत होती. त्याने वर बघून तिला हात केला. मी पडद्यामागे होतो.

कलम ७. गेल्या महिन्यात पेनड्राइव्हची आणखी एक प्रत काढून देण्यासाठी ध्वनिमुद्रक घरी आले. जाता जाता त्यांनी ते एकोणीस भागही उघडून पाहिले.

"या फाईली लहान कोणी केल्या?"

"मी. संगणकात जागा नव्हती."

"कधी?"

"आठवत नाही."

"इथे तारीख आहे. मंगळवार, दुपारी तीन दहा. चिरंजीव कधी आले होते?"

"शनिवारी. त्यानंतर चार दिवसांनी."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. मग त्यांनी समजावून सांगितले. फाईल लहान करणारे ते सॉफ्टवेअर आपण वेगळे सांगितले नाही तर पहिला आवाज ठेवते आणि दुसरा टाकून देते. मी ते सांगितले नव्हते. मी लहान केलेल्या फाईली तपासल्या होत्या, चित्र पाहिले, लांबी सेकंदापर्यंत जुळवली, शेवटची पाटी पाहिली आणि मग मोठ्या फाईली पुसल्या. एकोणीस वेळा. आवाज मात्र पूर्ण बंद ठेवून तपासले, कारण तो ऐकण्याचा धीर मला तेव्हा नव्हता.

"अहो, आवाज सोडून बाकी सगळं तपासलंत?" ध्वनिमुद्रक म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

सबब मी जाहीर करतो की, ते एकोणीस भाग माझ्या मुलाने पुसले नाहीत. ते मी पुसले. तिच्या धडधाकट आवाजाचे सर्व भाग त्यात होते. उरलेले सात तिच्या आजारपणातले आहेत. मुलावर केलेला आरोप मी पूर्णपणे व कायमचा मागे घेत आहे. हे कलम नातेवाइकांसमोर मोठ्याने वाचावे. ज्यांना ज्यांना मी तो आरोप ऐकवला होता त्यांची यादी वकिलांच्या पानामागे आहे. प्रत्येकाला या कलमाची प्रत पाठवावी.

कलम ८. वकिलांचे म्हणणे असे की, ते सात भाग कायद्याने माझे नाहीत, म्हणून मृत्युपत्रात लिहू नयेत. मान्य. पेनड्राइव्ह मात्र माझा आहे आणि त्याची पावती आहे. तो मी मुलाला देत आहे. परंतु मुलाच्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून तो व त्याची प्रत ध्वनिमुद्रकांनी स्वतःजवळ सांभाळावी. मुलगा जेव्हा मागेल, किंवा मोठी झाल्यावर नात मागेल, तेव्हा द्यावा. कोणीच मागितला नाही तर आग्रह करू नये. ऐकणाऱ्याला आधी सांगावे की पंचविसाव्या भागात जो दम लागलेला ऐकू येतो तो अभिनय नाही. नातीने आजीचा आवाज ऐकलेला नाही, आणि पहिल्यांदा ऐकेल तो हाच असेल. याला इलाज राहिलेला नाही.

ध्वनिमुद्रकांना मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापकही नेमत आहे. त्यांना मी काहीही देत नाही. त्यांनीच तशी तंबी दिली आहे.

कलम ९. हे कलम आज सही करण्यापूर्वी वाढवले आहे.

वरील मजकूर वाचून झाल्यावर ध्वनिमुद्रकांनी पेन माझ्या हातातून काढून घेतले. म्हणाले, "आधी फोन लावा. मेल्यावर माफी मागणार, मग त्या पोराने उत्तर कोणाला द्यायचं?" डॉक्टर म्हणाले, "लावा हो. आम्ही बाहेर उभे राहतो." दोघे गॅलरीत गेले.

मी फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"हॅलो? बाबा?"

मी काय म्हणायचे ते कागदावर लिहून समोर ठेवले होते. एकच ओळ होती.

"बाबा, बरं आहे ना? कोणी आहे का जवळ? बोला ना काहीतरी." मग तो थोडा थांबला. "मला ऐकू येतंय, तुमचा श्वास ऐकू येतोय." मग हळू म्हणाला, "मी पुसलं नव्हतं हो, बाबा."

मला फक्त 'माहीत आहे' एवढेच म्हणायचे होते. ते म्हणालो तेव्हा फोन बंद झालेला होता. त्याने ठेवला की माझाच हात लागला, हे मला खात्रीने सांगता येत नाही. पुन्हा लावणे माझ्याने झाले नाही.

ध्वनिमुद्रक आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता पेन परत दिले.

कलम ७ जसेच्या तसे कायम ठेवले आहे.

हा कागद मी वाचला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्या देखत प्रत्येक पानावर सही केली. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

ठिकाण: राहते घर, बाहेरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार, सकाळी पावणेबारा

सही: (मृत्युपत्र करणारा)

साक्षीदार पहिला: ध्वनिमुद्रक, सही
साक्षीदार दुसरा: तळमजल्यावरचे डॉक्टर, सही. सहीखाली त्यांच्या हस्ताक्षरात: 'शिडी आजच वर पाठवतो.'