ओलांडून गेलेला हात

कासारवाडी,
२८ जानेवारी २०२५

चि. वर्षालीस,
शालनकाकूचे अनेक आशीर्वाद. फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस. कागदापुढे तुला गप्प बसावं लागेल.

शनिवारी पिंपरीच्या हॉलात आमच्या फोटोंचं प्रदर्शन उघडलं. तुझ्या संस्थेने आम्हा बायकांना कॅमेरे दिले, तुमची गोष्ट तुम्हीच दाखवा असं तूच म्हणालीस. मी चाकणच्या आमच्या शेडमध्ये रबरी वॉशरच्या कडा कापणाऱ्या बायका टिपल्या. भिंतीवर माझे फोटो, खाली माझं नाव. तुझे काका असते तर सगळी गल्ली गोळा करून आणली असती त्यांनी.

मग म्हणे संक्रांतीचं हळदीकुंकू. करंडा घेऊन तू स्वतः ओळीने आलीस. मी विधवा, मला ओलांडलंस. मी कॅमेरा उचलला. शेजारी मंजुळाबाई, त्याही माझ्यासारख्याच. त्यांनी कपाळावरचा पदर मागे घेतला होता, मान जरा पुढे केली होती. त्यांनाही ओलांडून तू पलीकडच्या सवाष्ण सरूबाईंना कुंकू लावलंस. वर बोर्ड काय, तर 'आता आम्ही दिसतो'!

मंजुळाबाईंचं कपाळ आणि त्यावरून जाणारा तुझा हात, असा फोटो आला आहे. त्या म्हणाल्या, लावा भिंतीवर, माझं तोंड झाकू नका. कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड पत्रासोबत ठेवलं आहे. तो फोटो प्रदर्शनात लागला पाहिजे.

लोभ आहे म्हणूनच एवढं लिहिलं.
शालनकाकू


चऱ्होली,
१ फेब्रुवारी

ती. काकूस,
वर्षालीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. काकू, मुद्दाम नाही गं केलं. लहानपणापासून आईचं बघत आले, करंडा हातात आला की हात आपोआप तसाच फिरतो.

आमच्या संस्थेच्या निरंजन सरांना फोटो दाखवला. उत्तम आहे म्हणाले, पण लावायचा नाही. संस्थेचं नाव जाईल. त्याऐवजी तुझा तिळगूळ वाटतानाचा हसरा फोटो लावू म्हणतात. माझी नोकरी नवी आहे, एवढ्या वेळी सोड ना. तुम्हा दोघींना घरी बोलावून साडी देते.

माया कमी करू नकोस.
तुझी वर्षाली


कासारवाडी,
४ फेब्रुवारी

चि. वर्षालीस, आशीर्वाद.

काका गेले तेव्हा माहेरून फिकी साडी आली होती. आता तुझीही येऊ दे, जोडी होईल.

आपोआप फिरतं ते आमच्या शेडमधलं मशीन. तेसुद्धा बटण दाबलं की थांबतं. आणि तिळगूळ वाटताना मी हसले, कारण तेव्हा करंडा यायचा होता.

तो फोटो लागणार नसेल तर माझे सगळे उतरव. मंजुळाबाईंचेही उतरव, असा त्यांचा निरोप आहे. शनिवारी येऊन कॅमेरा परत करते. काका गेल्यापासून मी खाली बघूनच चालत होते, त्या डब्याने मान वर करायला लावली. पण असू दे, घ्या परत.

शालनकाकू


पिंपरी,
७ फेब्रुवारी

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

हॉलातूनच लिहिते आहे, पत्र मंजुळाबाईंच्या हाती देते. सकाळी सर यायच्या आधी तो फोटो मोठा करून दारासमोरच लावला. सर आले, आवाज चढवला, आत्ता उतरव म्हणाले. मी म्हणाले, तुम्हीच उतरवा. मंजुळाबाई फोटोखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. सरांना विचारलं त्यांनी, माझं कपाळ काढायला आलात का? सर आत गेले. उद्या माझी नोकरी राहील की नाही, माहीत नाही.

फोटोखाली तुझं नाव घातलं, मंजुळाबाईंचं घातलं. येणारे विचारू लागले, हात कुणाचा. म्हणून तेही लिहिलं : 'हात वर्षालीचा. ती या काकूंची पुतणी.'

लोक वाचतात आणि माझ्याकडे बघतात. मी तिथेच उभी आहे.

उद्या शनिवार, ये. कॅमेरा गळ्यात घालून ये.

तुझ्या रागाचीही धनी,
वर्षाली